वाचकांचे प्रश्न : छाटणीच्या फांद्या, चिपर आणि लहान ट्रॅक्टर

डाळिंबाची छाटणी उरकली की सांगोल्यापासून मंगळवेढ्यापर्यंत बांधाबांधावर काटेरी फांद्यांचे ढीग उभे राहतात आणि त्यांचे करायचे काय, हा प्रश्न दर हंगामात नव्याने पडतो. या वेळच्या पत्रांत लहान ट्रॅक्टरवर चालणाऱ्या चिपरविषयी, म्हणजे फांद्यांचे बारीक तुकडे करणाऱ्या यंत्राविषयी, इतकी विचारणा आहे की संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी तीन एकर डाळिंबाची बाग सांगोला तालुक्यात आहे आणि फवारणीसाठी घेतलेला २४ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आहे. विक्रेता सहा इंची चिपर घ्या म्हणतो, शेजारी तीन इंची पुरेल म्हणतात. यंत्र कसे निवडावे?

उत्तर : या प्रश्नात दोन वेगवेगळ्या मापांची गल्लत होत आहे, ती आधी सोडवून घेऊ. विक्रेता ज्याला सहा इंची म्हणतो ते बहुतेक वेळा पात्यांजवळच्या तोंडाचे माप असते. त्या तोंडातून जाणारी लाकडी फांदी किती जाडीची असावी, हे माप निराळे असते आणि ते यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. खरेदीचा विचार या दुसऱ्या मापावरून करावा.

त्यानंतर आपल्या ट्रॅक्टरची शक्ती पाहावी. बॉनेटवर लिहिलेली अश्वशक्ती इंजिनाची असते, चिपरला मिळते ती पीटीओची, म्हणजे यंत्रे फिरवण्यासाठी ट्रॅक्टरच्या मागे असलेल्या फिरत्या दांड्याची, आणि ती साधारण दहा ते वीस टक्क्यांनी कमी असते. आपल्या २४ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला पीटीओवर सुमारे २० ते २१ अश्वशक्ती मिळत असेल. नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत सापडेल. कठीण लाकडासाठी फांदीच्या दर इंच जाडीमागे पीटीओची पाच ते सहा अश्वशक्ती धरावी, असा ढोबळ हिशेब या कामात वापरला जातो. त्या हिशेबाने आपला ट्रॅक्टर साडेतीन ते चार इंच जाडीपर्यंत दमछाक न होता काम करील. सहा इंची क्षमतेचे यंत्र त्याला जोडता येईल, पण खरोखर सहा इंची बाभूळ त्यात घातली की इंजिन दबेल, पाती अडकतील आणि अडकलेले यंत्र उघडण्याची वेळ पुन्हा पुन्हा येईल. अपघातांना निमंत्रण नेमके तिथे मिळते. डाळिंबाच्या छाटणीत अंगठ्यापेक्षा जाड फांदी थोडी असते आणि मनगटापेक्षा जाड फांदी फक्त जुने झाड काढतानाच निघते. म्हणून तीन ते चार इंची यंत्र आपल्याला पुरे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जाडीपेक्षा डाळिंबाचा खरा त्रास त्याच्या झुडपी, काटेरी आणि चहूकडे फुटलेल्या फांद्यांचा आहे. त्या अरुंद तोंडात शिरत नाहीत, मग माणूस त्यांना हाताने रेटतो. त्यासाठी गव्हाण, म्हणजे फांद्या घालण्याचे तोंड, बाहेरच्या बाजूला चांगले पसरट आणि आत लांब असलेले यंत्र घ्यावे. यंत्र बंद असताना, पीटीओ शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरला चिपरशी जोडणारा दांडा, काढलेला असताना, टेप घेऊन गव्हाणीच्या बाहेरच्या काठापासून पात्यांपर्यंतचे अंतर मोजावे आणि घरातील सर्वांत उंच माणसाच्या हाताच्या लांबीशी ते ताडून पाहावे. ते अंतर हातापेक्षा कमी भरले, तर बाकी सर्व गोष्टी चांगल्या असल्या तरी ते यंत्र सोडून द्यावे. फांदी किती जाड जाते हे विचारण्याआधी हात किती आत जातो हे विचारावे, एवढीच माझी खरेदीदारांना कळकळीची विनंती आहे.

फांदी आत ओढण्याच्या दोन पद्धती आहेत. साध्या यंत्रात फिरणारी पातीच फांदीला ओढून घेतात. असे यंत्र स्वस्त असते, दुरुस्तीला सोपे असते, मात्र फांदी किती वेगाने आत जाईल यावर आपला ताबा राहत नाही. दुसऱ्या प्रकारात हायड्रॉलिकवर फिरणारे दातेरी रूळ फांदी धरून ठरावीक वेगाने पुढे सरकवतात आणि गव्हाणीवरच्या दांडीने ते थांबवता किंवा उलटे फिरवता येतात. पैसे पुरत असतील तर मी दुसरा प्रकार सुचवीन. तथापि, रूळ बाही पकडतात तेव्हा तीही तितक्याच घट्ट पकडतात. त्यामुळे ती थांबवण्याची दांडी कंबरेच्या किंवा मांडीच्या धक्क्याने हलते का, हे खरेदीच्या वेळी स्वतः उभे राहून तपासावे आणि पुढे रोज काम सुरू करण्यापूर्वी तपासत जावे.

जोडणीच्या तीन गोष्टी दुकानातच पाहून घ्याव्यात. लहान ट्रॅक्टरांना बहुधा पहिल्या श्रेणीची तीन बिंदू जोडणी असते आणि तिच्या खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या असतात. चिपरच्या पिना जाड असतील तर ते यंत्र मोठ्या ट्रॅक्टरसाठी केलेले आहे असे समजावे. पीटीओ शाफ्ट सहा खाचांचा, ३५ मिलिमीटरचा असतो. त्याच्या आतबाहेर सरकणाऱ्या दोन नळ्या कामाच्या स्थितीत निदान एक तृतीयांश लांबीइतक्या एकमेकींत असल्या पाहिजेत, तरीही यंत्र वर उचलताना त्या पूर्ण आत जाऊन टेकता कामा नयेत. शाफ्ट लांब पडत असेल तर तो मापाने कापून घ्यावा. लांब शाफ्ट तसाच जोडून लिफ्ट उचलल्यास तो ट्रॅक्टरच्या पीटीओचे बेअरिंग आत रेटतो, आणि ते काम पुढे फार महागात पडते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्याकडील अनेक मिनी ट्रॅक्टरांना पीटीओच्या एकाहून अधिक गती असतात. चिपर मिनिटाला ५४० फेऱ्यांसाठी बनवलेला असेल आणि गडबडीत लिव्हर ७५० वर पडला, तर पात्यांना बाहेर फेकणारा जोर जवळपास दुप्पट होतो. १००० वर तो साडेतीन पटीच्या आसपास जातो, कारण हा जोर गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पात्यांचे बोल्ट त्या जोरासाठी बसवलेले नसतात. म्हणून ट्रॅक्टरवरच्या त्या लिव्हरजवळ रंगाने खूण करावी आणि ५४० ला इंजिनाच्या किती फेऱ्या लागतात, तेही मीटरच्या काचेवर खूण करून ठेवावे.

प्रश्न : पंढरपूर तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काड्यांचा खच पडतो. आमच्या कडबाकुट्टी यंत्रात या काड्या घातल्या तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. कडबाकुट्टीची पाती ज्वारीच्या कडब्यासाठी आणि हिरव्या चाऱ्यासाठी असतात. पिकलेली द्राक्षकाडी लाकूडच आहे; तिने पात्यांना खांडे पडतात आणि तिचे तुकडे माणसाच्या दिशेने उडू शकतात.

आपल्यासाठी मला चिपरपेक्षा ओळीतून चालणारे, खाली पडलेल्या काड्या जागेवरच कुटणारे मल्चर किंवा श्रेडर अधिक सोयीचे वाटते, कारण त्यात एकेक काडी हाताने घालावी लागत नाही. यंत्राच्या मागे आणि बाजूला माणूस मात्र उभा राहू देऊ नये, कारण खडा उडतो तो गोळीसारखा. कोणतेही यंत्र वापरले तरी द्राक्षबागेतील मोठा शत्रू काडी नसून तार आणि सुतळी आहे. मांडवाच्या तारेचे तुटलेले टोक, बांधणीची सुतळी, ठिबकच्या नळीचा तुकडा, हे सर्व काड्यांत मिसळलेले असते. तारेने पाती फुटतात. सुतळी पात्याभोवती गुंडाळली जाते आणि तिचे दुसरे टोक कोणाच्या हाताला किंवा पायाला अडकलेले असेल तर तीही त्याला ओढत नेते. यंत्र आणण्याच्या आदल्या दिवशी दोन माणसांनी ओळीतून फिरून तारा व सुतळ्या वेचाव्यात. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु ते टाळून चालत नाही.

प्रश्न : मी बार्शी तालुक्यातील असून शेतीचे काम मीच पाहते. आमच्याकडे छाटणीनंतरच्या कामाला बहुतेक महिलाच येतात. यंदा चिपर घेतला आहे. यंत्रात फांद्या घालण्याचे काम त्यांना द्यावे की नाही, आणि दिले तर कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : ताई, हा प्रश्न यंत्र सुरू करण्याआधी विचारलात, याचा मला मनापासून आनंद झाला. काम महिलांना द्यावे की पुरुषांना, हा मुद्दाच नाही. अंगावर काय आहे आणि काम शिकवले आहे का, हा मुद्दा आहे.

आधी पीटीओ शाफ्टकडे पाहू. तो मिनिटाला ५४० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला ९ फेऱ्या फिरतो. त्याची जाडी साडेसात सेंटिमीटर धरली तर एका फेरीत सुमारे २४ सेंटिमीटर कापड गुंडाळले जाते आणि एका सेकंदात दोन मीटरहून अधिक. खांद्यावरून सुटलेला पदर हातभर किंवा दोन हात लोंबत असतो, तो अर्ध्या सेकंदाच्या आत संपतो. काहीतरी ओढले जात आहे हे ध्यानात येऊन माणूस मागे सरकेपर्यंत निदान तेवढाच वेळ गेलेला असतो. उपरणे, धोतराचा सोगा, ओढणी, गळ्यातला गमछा यांचे गणित याहून वेगळे नाही. त्यामुळे शाफ्टवरील प्लॅस्टिकचे आवरण शाबूत असले पाहिजे, त्याची साखळी अडकवलेली असली पाहिजे, आणि ते आवरण तडकले असेल तर नवे बसेपर्यंत यंत्र जोडूच नये. आवरण असले तरी फिरत्या शाफ्टवरून कोणी ओलांडून जाऊ नये. ट्रॅक्टर आणि चिपर यांच्या मधल्या जागेत काम चालू असताना कोणालाही काहीही काम नसते, हे पहिल्या दिवशी सर्वांना सांगावे.

आपल्या भागात शेतात काम करताना बायका साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. ही पद्धत इथे फार उपयोगाची आहे, फक्त ती नीट पाळली पाहिजे. पदर कमरेला खोचून शर्टाच्या आत घ्यावा, शर्टाची सर्व बटणे लावावीत, बाह्यांची बटणे तुटली असतील तर ती आदल्या दिवशी लावून घ्यावीत. मंगळसूत्र शर्टाच्या आत राहावे. वेणी गुंडाळून रुमालाने बांधावी आणि त्या रुमालाची टोके मागे लोंबती ठेवू नयेत. हातात बांगड्या असतील तर त्या बाहीच्या आत राहतील असे पाहावे, कारण डाळिंबाच्या फांदीचा काटा बांगडीत अडकतो आणि फांदी यंत्राने पकडल्यावर ती सोडवायला वेळ मिळत नाही. हातमोजे चामड्याचे आणि मनगटाला घट्ट बसणारे हवेत. ढगळ, लांब तोंडाचे मोजे नकोत. डोळ्यांना चष्मा आणि कानांना आवाज रोखणारी साधने सर्वांना द्यावीत. चिपरचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून वर जातो आणि रोज तासन्तास तो ऐकल्यास गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. कान झाकलेले असताना हाक ऐकू येत नाही, म्हणून हात वर करून थांबवण्याची खूण आधीच ठरवून घ्यावी.

फांदी घालण्याची पद्धत एकदा यंत्र बंद ठेवून प्रत्येकीकडून करवून घ्यावी. गव्हाणीच्या समोर उभे राहायचे नाही, बाजूला उभे राहायचे. फांदीचे जाड टोक आधी आत घालायचे, म्हणजे शेंडा मागून आपोआप मिटत जातो. पात्यांनी किंवा रुळांनी फांदी पकडल्याचे हाताला जाणवताच ती सोडायची आणि पाठ वळवून पुढची फांदी घ्यायला जायचे. शेंड्याचा फटका तोंडावर बसतो तो फांदी धरून उभे राहिल्यामुळे बसतो. फार फाटे फुटलेली फांदी असेल तर ती बाहेरच कोयत्याने साळून घ्यावी. लहान तुकडे हाताने कधीही घालायचे नाहीत. ते पुढच्या लांब फांदीबरोबर जाऊ द्यावेत किंवा लाकडी दांडक्याने सरकवावेत. लोखंडी पहार, दाताळे किंवा विळा यांनी रेटणे म्हणजे पात्यांत लोखंड घालणे होय. पायाने ढकलण्याची सवय तर मी अनुभवी माणसांतही पाहिली आहे. एका गावी मी त्यासाठी काम थांबवून तासभर सर्वांशी बोललो होतो आणि कामाचा खोळंबा झाला म्हणून मला त्याचे वाईट वाटले नाही.

काम एकाने करण्याचे नाही. एक माणूस ट्रॅक्टरजवळ, पीटीओचा लिव्हर हाताशी येईल असा, सतत उभा पाहिजे आणि त्याला दुसरे काम सांगू नये. ट्रॅक्टरचा हँडब्रेक लावलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, चाकांना पुढे-मागे दगड, यंत्र जमिनीवर टेकवलेले आणि तुकडे फेकणारा नळा वाऱ्याच्या दिशेला, रस्ता व वस्ती सोडून, असे सर्व झाल्यावरच पीटीओ जोडावा. लहान मुलांना शेतात आणलेले असेल तर त्यांना निदान ५० फूट दूर, झाडाखाली, कोणाच्या तरी नजरेत बसवावे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि थकलेल्या माणसाच्या हातून चूक होते. सहाला काम सुरू करून दहा-साडेदहाला थांबावे. पाण्याची टाकी जवळ असावी, ती पिण्यासाठीही आणि वाळल्या पाल्यावर ठिणगी पडलीच तर त्यासाठीही.

एवढे करूनही कोणाचा हात सापडलाच, तर गोंधळात यंत्र उलटे फिरवू नये आणि माणसाला ओढू नये. इंजिन बंद करावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. बोट किंवा हात तुटून वेगळा झाला असेल तर तो ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवून रुग्णाबरोबर न्यावी. तुटलेला भाग थेट बर्फात किंवा पाण्यात ठेवू नये.

मळणी यंत्रांनी एके काळी इतके हात घेतले की १९८३ मध्ये केंद्र सरकारला धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. माझ्या लहानपणी आमच्या गावात मळणी यंत्रात मनगट गमावलेले एक गृहस्थ होते. ते आयुष्यभर उजवी बाही पिनेने दुमडून वावरले आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी स्वतः येऊन खळ्यावरच्या पोरांच्या बाह्या तपासून जात असत. आपल्या शेतावर ते काम आपण करावे.

प्रश्न : मोहोळजवळ आमची बाग आहे. चिपरचा शिअर बोल्ट तासाभरात दोनदा तुटतो. फिटर म्हणतो की जाड किंवा चांगल्या पोलादाचा बोल्ट टाका, म्हणजे कटकट मिटेल. तसे करावे का?

उत्तर : कृपया तसे करू नये. तो बोल्ट जादा भार आला की तुटण्यासाठीच ठेवलेला आहे. तो तुटला नाही तर त्याच्या पुढचे किंवा मागचे काहीतरी तुटते. एकदा माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या यंत्रात बोल्टच्या जागी बांधकामाच्या सळईचा तुकडा ठोकून बसवलेला होता. तो अगदी नव्यासारखा शाबूत निघाला आणि ट्रॅक्टरच्या पीटीओचा दांडा मात्र खाचांच्या मुळाशी पिळून तुटला होता. पुस्तिकेत सांगितलेल्या मापाचा आणि दर्जाचाच बोल्ट वापरावा आणि तसे दहा-बारा बोल्ट जवळ ठेवावेत.

तुटलेला बोल्ट फेकून देऊ नका, तो हातात घेऊन पाहा. तुटलेला भाग सपाट असेल आणि बोल्ट सरळ असेल, तर तो एका झटक्यात तुटला आहे. बोल्ट वाकलेला, मधोमध झिजलेला असेल आणि ज्या भोकात तो बसतो ते अंडाकृती झाले असेल, तर बोल्ट ढिला राहून दर फेरीला आपटत होता. या दुसऱ्या परिस्थितीत नुसता बोल्ट बदलून उपयोग नाही, फ्लॅंजची, म्हणजे बोल्ट बसतो त्या चकतीची, भोके नीट करून घ्यावी लागतील.

झटक्यात तुटण्याची कारणे बहुधा चालवण्याच्या पद्धतीत सापडतात. इंजिन जोरात ठेवून पीटीओ एकदम जोडला, तर स्थिर असलेले जड फ्लायव्हील, म्हणजे पाती फिरवणारे चाक, क्षणात फिरवण्याचा भार बोल्टवर येतो. इंजिन मंद ठेवून, क्लच हळू सोडून पीटीओ जोडावा आणि मग गती वाढवावी. फ्लायव्हीलला ५४० ची गती मिळण्यापूर्वी फांदी घालू नये. बंद करतानाही आत काही शिल्लक न ठेवता यंत्र रिकामे चालू द्यावे, नाहीतर दुसऱ्या दिवशी सुरू करतानाच ते अडकते.

याशिवाय पात्यांची धार तपासावी, कारण माझ्याकडे आलेल्या अशा तक्रारींत निम्म्याहून अधिक वेळा दोष बोथट पात्यांचाच निघाला आहे. बाहेर पडलेल्या तुकड्यांची मूठ भरून पाहा. तुकडे नखाएवढे, कडा स्वच्छ कापलेल्या असतील तर धार ठीक आहे. ते काथ्यासारखे, चिरफाळलेले असतील, भुसा जास्त पडत असेल आणि फांदी गव्हाणीत नाचत असेल, तर धार गेली आहे किंवा फिरते पाते आणि स्थिर पाते यांच्यातील फट वाढली आहे. फट किती असावी ते पुस्तिकेत दिलेले असते आणि ती फीलर गेजने, म्हणजे फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी, मोजूनच ठेवावी, अंदाजाने नव्हे. धार लावताना हातग्राइंडरने पाते निळे पडेपर्यंत घासले तर पोलादाचे पाणी उतरते आणि ते पाते दोन दिवसांत पुन्हा बोथट होते. पाणी सोडत चालणाऱ्या सपाट सहाणेवर ते करून घ्यावे. समोरासमोरच्या दोन पात्यांचे वजन सारखे राहिले पाहिजे. किराणा दुकानाच्या काट्यावरही हा फरक कळतो. फरक राहिला तर यंत्र थरथरते आणि बेअरिंग जाते. पाती बसवताना जुने नट-बोल्ट पुन्हा वापरू नयेत आणि ते टॉर्क पान्याने पुस्तिकेतील आकड्याइतके आवळावेत.

प्रश्न : मंगळवेढा तालुक्यातील आमच्या डाळिंबावर तेल्याचा प्रादुर्भाव आहे. त्या छाटणीचे तुकडे करून झाडाखाली आच्छादन म्हणून वापरले तर पाण्याची बचत होईल ना?

उत्तर : निरोगी फांद्यांचे आच्छादन पाणी वाचवते, तेल्याच्या फांद्यांचे आच्छादन रोग जपून ठेवते. तेल्या हा जिवाणूजन्य रोग आहे आणि त्याचे जिवाणू रोगट फांद्यांत व पाल्यात टिकून राहतात. अशा फांद्या चिपरमध्ये घातल्या तर त्यांचा भुगा वाऱ्याने साऱ्या बागेत जाईल आणि यंत्रही पुढच्या बागेला रोग घेऊन जाईल. त्या फांद्या बागेबाहेर नेऊन जाळाव्यात. मर रोगाने किंवा खोडकिड्याने गेलेल्या झाडांनाही हाच नियम आहे. त्यांची मुळे मातीसकट यंत्रात घालणे तर पात्यांच्या दृष्टीनेही घातक आहे. फांद्या ओळखण्यात शंका असेल तर केगाव येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे, तिथे नमुना दाखवावा.

निरोगी फांद्यांचे तुकडे तीन इंचांच्या थरात पसरावेत आणि खोडाभोवती निदान अर्धा फूट जागा मोकळी ठेवावी, कारण खोडाला टेकलेल्या ओलसर लाकडावर वाळवी येते. ताजे तुकडे जमिनीत कालवू नयेत. लाकडात नत्र अत्यंत कमी असते, त्यामुळे ते कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतील नत्र उचलतात आणि झाड पिवळे पडते. वर पसरलेल्या थराने हा त्रास फारसा होत नाही. खत करायचे असेल तर शेण आणि स्लरी मिसळून वेगळ्या खड्ड्यात कुजवावे.

प्रश्न : दक्षिण सोलापूर तालुक्यात माझी दीड एकर बाग आहे. अनुदानातून चिपर घ्यावा की भाड्याने आणावा?

उत्तर : दीड एकरासाठी वर्षात दोन-तीन दिवसांचे काम निघेल. तेवढ्यासाठी स्वतःचे यंत्र घेऊ नये. चार-पाच बागायतदारांनी मिळून घ्यावे किंवा भाड्याने आणावे. गटाने घेतल्यास चालवणारा माणूस एकच ठेवावा, कारण सर्वांचे यंत्र असले की पाती कोणीच पाहत नाही. अनुदानाचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर होतात. पूर्वसंमतीपत्र हातात येण्यापूर्वी खरेदी करू नये आणि घेत असलेल्या यंत्राचा मान्यताप्राप्त केंद्राचा तपासणी अहवाल विक्रेत्याकडून मागून घ्यावा. भाड्याचे यंत्र आले तर शाफ्टचे आवरण आणि पात्यांचे बोल्ट पाहिल्याशिवाय ते जोडू देऊ नये.

प्रश्न : अडकलेली फांदी काढण्यापूर्वी यंत्र पूर्ण थांबले आहे, हे नक्की कसे ओळखावे? आमच्याकडे पीटीओ बंद केल्यावर शाफ्ट लगेच थांबतो, पण मुलगा म्हणतो की आतून आवाज येत होता.

उत्तर : आपल्या मुलाचे निरीक्षण बरोबर आहे आणि त्याच्या कानांनी कदाचित एक हात वाचवला आहे. आपल्या शाफ्टला ओव्हररनिंग क्लच बसवलेला असावा. ट्रॅक्टरकडून फिरवण्याचे बंद झाले तरी फ्लायव्हीलला मोकळे फिरू देणे, हे त्या क्लचचे काम आहे. तो नसेल तर जड फ्लायव्हील उलट ट्रॅक्टरच्या पीटीओला फिरवू पाहते आणि त्याचा ब्रेक झिजतो. क्लच असणे चांगलेच, पण त्यामुळे शाफ्ट थांबलेला दिसतो आणि पाती मात्र आत पूर्ण जोरात फिरत असतात. जड फ्लायव्हील थांबायला मिनिटभर किंवा त्याहून अधिक वेळ घेते.

म्हणून शाफ्टकडे पाहून निर्णय घेऊ नये. इंजिनाची गती हळूहळू उतरवून पीटीओ सोडावा, इंजिन बंद करावे आणि चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवावी, ट्रॅक्टरला लटकती ठेवू नये. फ्लायव्हीलच्या दांड्याचे टोक बेअरिंगच्या बाहेर, जाळीआड दिसत असेल, तर त्यावर पांढऱ्या रंगाचा एक पट्टा ओढून घ्यावा. फिरताना तो करड्या वर्तुळासारखा दिसतो आणि थांबल्यावर रेघ होतो. ती रेघ स्पष्ट दिसल्यावर पीटीओ शाफ्ट ट्रॅक्टरपासून सोडवावा आणि मगच झाकण उघडावे. त्यानंतरही फ्लायव्हील लाकडी पाचरीने किंवा यंत्राला दिलेल्या पिनेने अडवावे, कारण अडकलेली फांदी सुटताच ते स्वतःच्या वजनाने पाव फेरी फिरते आणि धारदार पात्याला बोट कापायला तेवढी पाव फेरी पुरते.